करडा

तार्तूला डिसेंबरात साडेतीनलाच अंधार पडतो,
तोवर आमचा ग्राफ निम्माही उभा राहिलेला नसतो.

यूल्लेनं जमवलेल्या दोनशे तेरा वह्या,
दक्षिणेच्या एका परगण्यातल्या,
शाळामास्तरांच्या, गुराख्यांच्या, एका सुइणीची तर पाण्यात भिजलेली.
प्रत्येक शब्द एक ठिपका.
दोन शब्द एका वाक्यात बसले की मध्ये एक रेघ,
पुन्हा बसले की रेघ जाड.
एवढंच.
अर्थ आम्ही कुणालाच शिकवलेला नाही.
रांगोळीच्या ठिपक्यांना तरी
मोर कुठे ठाऊक असतो?

हळूहळू शब्द आपापल्या घोळक्यात सरकतात.
दूध, चरवी, धार, सकाळ: एकीकडे.
भट्टी, राख, पाव, मावशी: पलीकडे
(मावशी का, ते वहीतच असेल).
तांबडा, पिवळा, निळा
लग्नातल्या हातमोज्यांभोवती दाटीवाटीनं उभे.

फक्त करडा त्यांच्यात नाही.

करडा जाऊन बसलाय
मेंढी, कुंपण, जानेवारी आणि गप्प झालेला कुत्रा
यांच्या मधोमध.
रायव्हो म्हणाला, चुकलंय काहीतरी.
दोन दिवस त्यानं कोड उसवला, परत शिवला.
करडा जागचा हलेना.
यूल्लेनं कोट काढता काढता पडद्याकडे पाहिलं.
"लांडगा आहे तो," म्हणाली.
"नाव घेतलं की येतो, म्हणून घेत नाहीत."

मी हातातला पाव खाली ठेवला.
आमच्याकडे रात्री सापाला लांबडं म्हणतात,
दिवा विझवत नाहीत, मालवतात,
आणि काकण फुटलं तरी ते वाढवलं म्हणायचं.
माझ्या भाषेचा ग्राफ काढला
तर 'वाढणं' सापडेल भातापाशी, बाळापाशी
आणि काचेच्या तुकड्यांत,
आणि कुणीतरी रायव्हो म्हणेलच, चुकलंय.

मग चाळणी लावली.
पाचाहून कमी वेळा जुळलेली रेघ पुसायची.
खूप काही पुसलं गेलं, कुणाला वाईट वाटलं नाही.
कडेला एक शब्द तरंगत राहिला: तिकडचा.
एकाच वहीत एकोणीस वेळा.
शेजारी चमचा, लोकर, मालगाडी, लाकूड, पोच.
माणसाच्या एकाही नावाशी रेघ नाही.

वही गणिताची, मागच्या पानांपासून लिहिलेली.
हेल्यू उइबो, तेव्हा इयत्ता आठवी,
आता वय एक्क्याण्णव, मुक्काम वोरूजवळ, अजून.

रविवारी गेलो.
टेबलावर यूल्लेनं छापील जाळं पसरलं.
बाईंनी चष्मा पुसला, बोट ठेवलं चमच्यावर,
लोकरीवर, बराच वेळ पोचेवर.
मधला ठिपका टाळून बोट पुढे गेलं,
शेगडीवरून भांडं टाळतात तसं.
"एवढं कळायला यंत्र लागलं होय तुम्हाला?"

यूल्लेनं, विचारू नये ते, हळूच विचारलं.
बाई खिडकीबाहेर बघत बोलल्या:
"लांडग्याचं नाव घेतलं की लांडगा येतो.
याचं घेतलं असतं
तर हा आला नसता,
भलतेच आले असते."
मग त्यांनी बटाटे सोलायला घेतले
आणि एक सुरी माझ्यापुढे सरकवली.
नाव त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही.

सोमवारी रायव्होसमोर तक्ता उघडा होता.
प्रत्येक रेघेपुढे नात्याचा प्रकार भरायचा:
समानार्थी. विरुद्धार्थी. अंश. कारण.
तिकडचा आणि पोच यांच्यामधल्या रेघेपुढे
कर्सर लुकलुकत राहिला,
बाहेर ट्रॅक्टर बर्फ ओढत दोनदा गेला.

मग त्यानं यादीत नसलेला एक प्रकार
स्वतःच टाइप केला: करडा.
आणि तसलीच आणखी नाती
दोनशे बारा वह्यांत शोधायला लावून
जेवायला गेला.